तिकीट कोणापासून लपवायचे, आणि कधीपर्यंत?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कार्यालयातील माहितीच्या सुरक्षिततेवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. पासवर्ड, लॅपटॉप, वाय-फाय यांबद्दलचे सल्ले योग्यच आहेत. मात्र शेवटाकडे जाता जाता एक वाक्य टाकले आहे : प्रोजेक्ट ट्रॅकरमधले प्रत्येक तिकीट फक्त संबंधित माणसालाच दिसेल अशी व्यवस्था करावी. लिहायला हे सोपे आहे. अमलात आणायचे काम माझ्यासारखीच्या गळ्यात पडते, म्हणून हे पत्र.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत ट्रॅकरची अ‍ॅडमिन आहे. त्याआधी बरीच वर्षे टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष शोधणारी, होते; तिकिटे नोंदवणाऱ्यांच्या बाजूला होते. ज्यांचा या प्रकाराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगते. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडले, काही नवे हवे असले, ग्राहकाची तक्रार आली, की त्याची एक नोंद होते. तिला क्रमांक मिळतो, ती कोणाच्या तरी नावावर जाते, तिच्याखाली चर्चा होते, स्क्रीनशॉट जोडले जातात, आणि काम झाले की ती बंद होते. हे तिकीट. जिरा, बगझिला, रेडमाइन, गिटलॅब ही अशी तिकिटे सांभाळणारी सॉफ्टवेअर, म्हणजेच ट्रॅकर. मोठ्या कामात तिकिटांची संख्या लाखावर जाते आणि कंपनीची खरी स्मरणशक्ती तिथेच असते; कागदोपत्री अहवालात नसते.

माझ्याकडे सर्वाधिक येणारी विनंती अशी : ‘आमचा प्रोजेक्ट बाकीच्यांना दिसणार नाही असं करून द्या.’ त्याखालोखाल येणारी : ‘मला अमुक तिकीट दिसत नाही, जरा बघता का?’ दोन्ही विनंत्या बऱ्याचदा एकाच विभागातून येतात.

पहिली विनंती आली की मी एकच विचारते : नेमकी कशाची भीती आहे? उत्तर क्वचितच गुपिताबद्दल असते. ‘सेल्सवाले येऊन प्रायॉरिटी बदलतात.’ ‘कोणीही येऊन तिकीट पुन्हा उघडतं.’ ‘दुसऱ्या टीमचा मॅनेजर खाली कॉमेंट टाकून जातो आणि मग आम्हाला खुलासे करावे लागतात.’ यातली एकही गोष्ट दिसण्याशी संबंधित नाही. बदलण्याशी आहे. प्रोजेक्ट पाहणे, तिकीट नोंदवणे, त्यात फेरफार करणे, कॉमेंट लिहिणे, ते एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात नेणे या सगळ्या परवानग्या जिरामध्ये वेगवेगळ्या आहेत. इतर बहुतेक ट्रॅकरांतही कमीअधिक फरकाने तसेच आहे. सेल्सवाल्यांना पाहू द्या, फेरफाराची परवानगी काढून घ्या, संपले. त्याऐवजी अख्खा प्रोजेक्टच झाकायचा म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

झाकण्याची किंमत काय असते हे टेस्टरला विचारा. नवा दोष सापडला की चांगला टेस्टर आधी शोध घेतो, कोणी हा नोंदवला आहे का. शोधात फक्त त्याला दिसू शकणारी तिकिटेच येतात. दुसऱ्या टीमने तोच दोष आपल्या झाकलेल्या प्रोजेक्टमध्ये नोंदवलेला असतो, त्यावर कोणी कामही सुरू केलेले असते. इकडे नवे तिकीट तयार होते, दुसरा प्रोग्रॅमर कामाला लागतो, आणि दोघांचे बदल एकाच फाइलमध्ये एकमेकांवर आदळतात तेव्हा कुठे कळते. ग्राहकांचे फोन घेणाऱ्या मुलामुलींची गत याहून वाईट. ग्राहक विचारतो, ‘माझ्या तक्रारीचं काय झालं?’ उत्तर ट्रॅकरमध्ये लिहिलेले असते, पण फोनवरच्या माणसाला ते पाहायची परवानगी नसते. मग तो ‘चौकशी करून कळवतो’ म्हणतो. ग्राहकाला वाटते हा टाळतोय.

सगळ्यात संतापजनक प्रकार म्हणजे ज्याने तिकीट नोंदवले त्यालाच ते न दिसणे. आमच्याकडे एका प्रोजेक्टमध्ये मागच्या अ‍ॅडमिनने ‘नवे तिकीट आपोआप गोपनीय’ अशी सोय करून ठेवली होती आणि पाहू शकणाऱ्यांच्या यादीत नोंदवणाऱ्याला घालायचे राहून गेले होते. सपोर्टमध्ये नुकतीच लागलेली एक मुलगी तिकीट भरायची, बटण दाबायची, आणि समोर यायचे की हे पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही. तिला वाटायचे नोंद झालीच नाही. मग ती पुन्हा भरायची. तिकडे मॅनेजर वैतागलेले, की ही एकच तक्रार इतक्या वेळा का टाकते. शेवटी ती माझ्याकडे आली ती जवळजवळ रडकुंडीला येऊन. बगझिला बनवणाऱ्यांनी हे फार पूर्वीच ओळखलेले दिसते. तिथे गोपनीय बगवर, म्हणजे दोषाच्या तिकिटावर, स्वतंत्र चौकटी असतात : नोंदवणाऱ्याला दिसू द्यायचा का, आणि सीसीतल्या (ज्यांना त्याच्या सूचना जातात त्या) लोकांना दिसू द्यायचा का. गिटलॅबमध्येही तिकीट गोपनीय केले तरी नोंदवणाऱ्याला ते दिसत राहते. नोंदवणाऱ्याला वगळायचेच असेल तर ते कोणीतरी विचार करून वगळावे, चुकून वगळले जाऊ नये.

काहीच लपवू नये असे माझे म्हणणे नाही. न बुजवलेली सुरक्षेची भोके, ग्राहकांचे खासगी तपशील, एखाद्या सहकाऱ्याविरुद्धची तक्रार, पगार हे उघड्यावर ठेवायचे नसतेच. पण लपवले म्हणजे सुरक्षित झाले हा लेखातला सूर मला खटकतो. फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे उदाहरण पाहा. त्यांच्या बगझिलामध्ये फायरफॉक्सचे बहुतेक सगळे दोष जगासमोर असतात, फक्त सुरक्षेचे मोजके बग ठरावीक लोकांनाच दिसतात. सप्टेंबर 2015 मध्ये मोझिलाने जाहीर केले की कोणीतरी अशा विशेष परवानगी असलेल्या एका खात्यात शिरला होता, आणि तेही किमान वर्षभरापूर्वीपासून. त्या खातेदाराने तोच पासवर्ड दुसऱ्या एका संकेतस्थळावरही वापरला होता, तिथून तो फुटला. चोराने 185 गोपनीय बग पाहिले. त्यातले 53 गंभीर भेद्यतेचे, म्हणजे हल्ल्याला वाट देणाऱ्या दोषांचे, होते. 43 त्याने पाहिले तोवर दुरुस्त होऊन गेले होते, 10 झालेले नव्हते. त्यातल्या एकाचा वापर फायरफॉक्स वापरणाऱ्यांवर हल्ल्यासाठी झाल्याचे मोझिलाने स्वतःच म्हटले. तिकिटे लपवलेली होती, पाहू शकणाऱ्यांचा ग्रुप बरोबर होता, परवानग्या चोख होत्या. पासवर्ड तेवढा उष्टा. त्यानंतर अशा सगळ्या खात्यांना पासवर्ड बदलणे आणि दुहेरी पडताळणी सक्तीची झाली.

मायक्रोसॉफ्टचेही असेच. 2013 मध्ये त्यांच्या अंतर्गत बग डेटाबेसमध्ये घुसखोरी झाली होती, ही बातमी रॉयटर्सने माजी कर्मचाऱ्यांच्या हवाल्याने 2017 मध्ये दिली. म्हणजे न सुधारलेल्या दोषांची तयार यादी चार वर्षांपूर्वीच कोणाच्या तरी हाती लागलेली. गोपनीय तिकिटांचा ढीग हा चोरासाठी निवडून, वर्गवारी करून ठेवलेला माल असतो. सगळीच तिकिटे गोपनीय केली तर राखायचे काय आणि सोडायचे काय हे राखणदारालाही कळेनासे होते. मोजकी ठेवली तर ती पाहू शकणाऱ्या प्रत्येक खात्याकडे नीट लक्ष देता येते.

आणखी एक गोष्ट लेखात अजिबात आलेली नाही. तिकिटाचे पान झाकले म्हणजे तिकीट झाकले असे होत नाही. 2017 मध्ये एका संशोधकाने गूगलच्या अंतर्गत तिकीटव्यवस्थेत एक गंमत शोधली. कोणत्याही तिकिटाच्या सीसीतून ‘मला काढा’ अशी विनंती पाठवली की व्यवस्था ‘काढले’ म्हणून उत्तर द्यायची, आणि त्या उत्तरासोबत तिकिटाचा सगळा तपशीलही पाठवायची. ते तिकीट पाहायची परवानगी मागणाऱ्याला आहे का, हे तपासायचे त्या एका वाटेवर राहून गेले होते. पुढच्या दाराशी पहारा चोख, मागच्या दाराला कडीच नाही. गूगलने ते लगेच दुरुस्त केले. सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी 1975 मध्येच लिहून ठेवले आहे की परवानगीची तपासणी प्रत्येक वेळी, प्रत्येक वाटेवर व्हायला हवी. पन्नास वर्षे झाली, तरी मागची दारे सापडत असतात.

आमच्यासारख्या कंपन्यांत ही दारे कोणती? पहिले ईमेल. तिकीट उघडे असताना वॉचर म्हणून (त्यावर लक्ष ठेवायला नाव नोंदवून) असलेल्या सगळ्यांना त्याचा मजकूर ईमेलने गेलेला असतो. नंतर तुम्ही ते गोपनीय केले तरी त्यांच्या इनबॉक्समधून ते परत येत नाही. म्हणून गोपनीय करायचे तर नोंदवतानाच करावे, दुसऱ्या दिवशी नव्हे. दुसरे दार चॅटमधला बॉट, म्हणजे आपोआप संदेश टाकणारा प्रोग्रॅम. तिकीट तयार झाले की तो बॉट चॅनेलमध्ये शीर्षक टाकतो. बॉटला परवानगी कोणाची असते? सोयीसाठी बऱ्याचदा अ‍ॅडमिनची. मग ‘अमुक ग्राहकाचे सर्व व्यवहार दुसऱ्याला दिसतात’ असे शीर्षक असलेले गोपनीय तिकीट शंभर माणसांच्या चॅनेलमध्ये झळकते. तिकीट कोणालाच उघडता येत नाही, पण उघडायची गरजही उरत नाही. गोपनीय तिकिटाचे शीर्षक मिळमिळीत ठेवा, असे मी प्रत्येकाला सांगते. कोणी ऐकत नाही.

तिसरे दार शेअर केलेले फिल्टर (जपून ठेवलेले शोध) आणि डॅशबोर्ड (तिकिटांचे आकडे एकत्र दाखवणारे पान). 2019 मध्ये एका संशोधकाने दाखवून दिले की अनेक कंपन्यांची, अगदी नासाचीही, जिरामधली माहिती इंटरनेटवर कोणालाही दिसत होती. व्यवस्थेत कोणी घुसले नव्हते. फिल्टर शेअर करताना ‘सर्वांना’ हा पर्याय निवडणाऱ्यांची समजूत होती की सर्व म्हणजे कंपनीतले सर्व. प्रत्यक्षात लॉगिन न केलेले लोकही त्यात येत होते.

उलट बाजूचा घोळही सांगते. डॅशबोर्ड पाहणाऱ्याला त्याच्या परवानगीतलीच तिकिटे मोजून दाखवतो. त्यामुळे एकच डॅशबोर्ड दोघांनी आपापल्या लॅपटॉपवर उघडला तर आकडे वेगळे येतात. मीटिंगमध्ये एक म्हणतो ‘40 बग बाकी आहेत’, दुसरी म्हणते ‘31’, आणि दोघेही खरे बोलत असतात. अर्धा तास भांडण चालते. मग कोणीतरी मला बोलावते आणि विचारते, ‘ट्रॅकर बिघडलाय का?’ ट्रॅकर ठणठणीत असतो. नऊ तिकिटे एकाला दिसतात, दुसरीला दिसत नाहीत, एवढेच. पण हे मी त्या मीटिंगमध्ये सांगू शकत नाही, कारण नऊ तिकिटे आहेत हेच तिला कळायला नको असते!

तिकीट ‘आहे’ हे कळणेसुद्धा माहितीच असते. क्रमांक ओळीने येतात, मधला एक उघडत नसेल तर तिथे काहीतरी आहे हे उघड होते. बगझिला तर स्पष्टच सांगतो की हा बग पाहायचा तुम्हाला अधिकार नाही. प्रोग्रॅमचा कोड आणि तिकिटे ठेवायचे संकेतस्थळ गिटहब खासगी रेपॉझिटरीच्या (कोडच्या साठ्याच्या) बाबतीत ‘असे पानच नाही’ म्हणतो. मला दुसरी रीत सुरक्षिततेसाठी पटते, पण माणसांशी वागताना पहिली बरी वाटते. ‘अधिकार नाही’ कळले तर माणूस अधिकार मागायला येतो. ‘पान नाही’ म्हटले तर तो चुकीचा क्रमांक मिळाला समजून तासभर शोधत बसतो. ज्या कंपनीत आतल्याच माणसांपासून लपवायचे आहे तिथे मी पहिलीच रीत ठेवते, आणि सोबत कोणाला विचारायचे त्या भूमिकेचे नाव देते.

परवानग्यांच्या रीतीही फसव्या असतात. बगझिलाच्या मूळ पद्धतीत एखादा बग दोन ग्रुपमध्ये टाकला तर तो पाहायला माणूस दोन्ही ग्रुपमध्ये असावा लागतो. म्हणजे ग्रुप वाढवले की पाहणारे कमी होतात. जिरामध्ये गोपनीयतेच्या पातळीत आणखी एक ग्रुप घातला की पाहणारे वाढतात. एका ट्रॅकरची सवय घेऊन दुसऱ्यावर आलेला माणूस मोठ्या विश्वासाने नेमके उलटे करून बसतो. त्यातच माणसांना नावाने परवानग्या दिलेल्या असल्या की विचारू नका. माणूस टीम बदलतो, कंपनी सोडतो, नाव तिकिटावर तसेच. परवानगी भूमिकेला द्यावी, भूमिकेत माणूस घालावा आणि काढावा. कंत्राटावर आलेल्यांच्या बाबतीत तर काढण्याची तारीख त्यांना घालतानाच लिहून ठेवावी.

ज्यात गुप्त ठेवण्यासारखे काहीच नसते अशीही तिकिटे लपवली जातात, त्याबद्दल दोन शब्द. मुदत चुकली, अंदाज फसला, ग्राहकाला दिलेला शब्द मोडला, की त्या तिकिटांवर अचानक गोपनीयता येते. कारण विचारले तर ‘संवेदनशील आहे’. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरे. पण ती मूठ कंपनीच्या खर्चाने झाकलेली असते. पुढच्या वर्षी दुसरी टीम तोच अंदाज तसाच चुकीचा करते, कारण आधीची चूक शोधली तरी सापडत नाही. अशा विनंत्यांना मी नकार देते आणि त्यासाठी अधूनमधून बोलणीही खाते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम आहे. 1997 मध्ये स्वीकारलेल्या त्यांच्या सामाजिक करारात त्यांनी लिहून दिले की आम्ही दोष लपवणार नाही, दोषांच्या नोंदींचा सगळा साठा कायम लोकांसाठी खुला राहील. जाहीर न झालेल्या सुरक्षा-दोषांची बोलणी तिथे त्या साठ्याबाहेर, सुरक्षा टीमशी थेट होतात. कंपनीला हे जसेच्या तसे जमणार नाही, मान्य. क्रोमियमची (क्रोम ब्राउझर ज्यावर उभा आहे त्या प्रकल्पाची) रीत मात्र कोणालाही जमण्यासारखी आहे. सुरक्षेचा बग आधी मोजक्यांनाच दिसतो आणि दुरुस्ती झाल्यावर 14 आठवड्यांनी सर्वसाधारणपणे सगळ्यांना खुला होतो. तोवर बहुतेकांकडे नवी आवृत्ती पोहोचलेली असते. झाकण्याबरोबरच उघडण्याची वेळही ठरलेली, त्यासाठी कोणी आठवण करून द्यावी लागत नाही.

आमच्याकडे मी त्यावरूनच एक पद्धत लावली. तिकीट गोपनीय करायचे तर तीन रकाने भरावे लागतात : कोणापासून, का, कधीपर्यंत. तिसरा रिकामा ठेवता येत नाही. तारीख उलटली की तिकीट झाकणाऱ्याला विचारणा जाते. उत्तर आले नाही तर ती त्याच्या वरिष्ठाला जाते. आपोआप उघडण्याची सोय मी मुद्दाम ठेवलेली नाही, कारण कर्मचाऱ्याच्या तक्रारीचे तिकीट एखाद्या रजेच्या आठवड्यात आपोआप उघडले तर ते परत झाकून उपयोग नसतो. सुरुवातीला ‘राहू दे ना झाकलेलं, काय बिघडतंय’ हे मी खूप ऐकले. आता बरेच जण ‘का’ या रकान्यापाशीच थांबतात. तिथे काय लिहावे हे सुचत नाही आणि तिकीट उघडेच राहते.

कॉमेंटबद्दल राहिलेच. हेल्पडेस्कमध्ये ‘ग्राहकाला उत्तर’ आणि ‘फक्त आपल्यात’ ही बटणे शेजारीशेजारी असतात. ग्राहकाबद्दलचा शेरा ग्राहकालाच गेला अशी घटना घडली नाही असे ऑफिस मला अजून भेटायचे आहे. बटणांवर विसंबू नये. शेरा ग्राहकाने वाचला तर चालेल असाच लिहावा. आणि तिकिटात चुकून पासवर्ड चिकटवला असेल तर मजकूर बदलून काही साधत नाही. जुना मजकूर इतिहासात राहतो, गिटहबवर तर ‘एडिटेड’वर क्लिक केले की दिसतोच. ती जुनी आवृत्ती पुसता येते, पण ईमेलने गेलेले पुसता येत नाही. पासवर्डच बदलावा, आणि तो आधी बदलावा.

लेखकांना शक्य असेल तर पुढच्या लेखात वाचकांना एक सोपा प्रयोग सुचवावा. ट्रॅकरमध्ये एक साधे खाते काढा, त्याला कोणत्याही खास ग्रुपमध्ये घालू नका. त्या खात्याने लॉगिन करून शोध घ्या, डॅशबोर्ड उघडा, बॉट असलेल्या चॅनेलमध्ये जा, एक तिकीट नोंदवून पाहा आणि मग लॉगिन न करताही तेच सगळे करून पाहा. अ‍ॅडमिनच्या खात्यावरून यातले काहीच कळत नाही, कारण त्याला सगळेच दिसते. माझ्या माहितीतल्या एका अ‍ॅडमिनने हा प्रयोग केला तेव्हा कर्मचारी विभागाची तिकिटे व्यवस्थित झाकलेली निघाली, आणि त्यांना जोडलेल्या फाइलींचे दुवे मात्र लॉगिनशिवाय उघडत होते.

आपली,
एक ट्रॅकर अ‍ॅडमिन
(नाव छापू नये ही विनंती)